आतोबांचं शुद्धिपत्रक

माझ्या आतोबांनी महाराष्ट्र सरकारवर जेवढं प्रेम केलं तेवढं आजवर कुठल्या मुख्यमंत्र्यानेही केलं नसेल, आणि गंमत म्हणजे सरकारला त्याचा पत्ताच नव्हता. प्रेम म्हणजे आरती ओवाळणारं प्रेम नव्हे हं. सरकार कुठल्या पक्षाचं, मंत्री कोण झाला, कोण रुसला, कोण फुटला, यात त्यांना काडीचा रस नव्हता. निवडणुकीच्या निकालाला सगळी सोसायटी टीव्हीला चिकटलेली असायची तेव्हा हे गृहस्थ गॅलरीत बसून मटकी निवडत असायचे. पण मार्च उजाडला आणि मुंबईत अर्थसंकल्प मांडायची तारीख ठरली की यांची झोप उडालीच म्हणून समजा. किरकिऱ्या पोराची आई दर तासाला त्याच्या कपाळाला हात लावून बघते ना, तसं यांचं चालायचं. कर किती जमणार, नवं कर्ज किती काढणार, जुन्या कर्जाचं व्याज किती, पगार आणि पेन्शनला किती जाणार, आणि हे सगळं वजा जाता धरणांना, रस्त्यांना, शाळांना काही उरणार की नुसत्याच घोषणा, याचा घोर या एका माणसाला. अशी ते राज्याची नाडी बघायचे. फी काही नाही, उलट बघायला येणाऱ्यांना पदरचा चहा आणि चिवडा.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. बारावीनंतर मी नांदगावहून नाशिकला कॉलेजला आले ती गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये. तीन वर्षांसाठी आले होते, पण नंतर नोकरी इथेच लागली, लग्न इथेच झालं, आणि घरही घेतलं ते आत्याच्या घरापासून पाच मिनिटांवर. आतोबांची सगळी हयात ट्रेझरीत गेली. सरकारी पैसा जिथून सुटतो ती ट्रेझरी. कोणत्याही खात्याचं बिल आलं की आधी ते यांच्या टेबलावर यायचं, आणि त्यात एक सही कमी असली तरी आक्षेप लिहून परत जायचं. आत्या सांगायची, की लग्नाच्या वेळी आमच्या आजोबांनी पत्रिकेचा नमुना पसंतीला पाठवला तर नवरदेवाकडून तो परत आला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दिनांक नमूद, वर्ष नमूद नाही. पूर्तता करून सादर करावे.' आजोबांनी पूर्तता केली आणि मुलगी सादर केली. हे शेवटचं वाक्यही आत्याचंच.

त्यांना संताप यायचा तो एकाच गोष्टीचा. टीव्हीवर कोणीतरी कोटवाला येऊन म्हणायचा, की सरकार म्हणजे आपल्या घरासारखंच, कमाई बघून खर्च करावा. असं कोणी म्हटलं की आतोबा उठून टीव्हीशी भांडायला लागायचे. त्यांचं म्हणणं, घरातला कर्ता म्हातारा होतो, सरकार होत नाही. घर कर्ज काढतं ते बापाला फेडावं लागतं, सरकारचं कर्ज नातवंडं फेडतात आणि धरणाचं पाणीही तीच पितात. म्हणून सरकारने कर्ज काढलं यात पाप नाही, ते कशासाठी काढलं ते बघा. मी एकदा वाद घालायला गेले तर मला म्हणाले, "घर आणि सरकार एकच असेल तर आत्यावर कर बसवून दाखव."

आणि मौज अशी, की सरकार घरासारखं नाही म्हणणाऱ्या या माणसाने घर मात्र पूर्णपणे सरकारसारखं चालवलं. घरखर्चाची एक लांबलचक वही होती. तिच्यात किराणा, दूध, औषधं, पाहुणे अशी निरनिराळी खाती होती आणि एका खात्याचा पैसा दुसऱ्या खात्याला वापरायचा नाही असा दंडक होता. एका जानेवारीत आत्याचा कुकर गेला. आतोबा म्हणाले, रबर बदलायचं असेल तर दुरुस्तीच्या खात्यात तरतूद आहे, पण नवा कुकर हा भांडवली खर्च झाला, तो एप्रिलनंतर बघू. मग चार दिवस आत्याने पातेल्यात शिजवलेली तुरीची डाळ वाढली, प्रत्येक दाणा वेगळा मोजता यावा अशी. पाचव्या दिवशी आतोबांनी स्वतःच पुरवणी मागणी मांडली, स्वतःच मंजूर केली आणि संध्याकाळी पाच लिटरचा कुकर घरी आला. मलाही सूट नव्हती. माझ्या हातखर्चातला उरलेला पैसा एकतीस मार्चला परत जमा करावा लागायचा. मीही कमी नव्हते. तीस तारखेला सगळ्या मैत्रिणींना घेऊन मिसळ खायला जायचे आणि शिल्लक शून्यावर आणायचे. आतोबांना हे कळलं तेव्हा मला वाटलं आता बोलणी बसणार. ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, अगदी सरकारी खात्यासारखी वागलीस, वर्षभर झोपायचं आणि मार्चमध्ये उधळायचं.

अर्थसंकल्पाच्या दिवशी आतोबा दुसऱ्यांदा अंघोळ करायचे. दुपारी धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसायचे, मांडीवर पॅड, पॅडला पेन्सिल दोरीने बांधलेली. त्या वेळात दारावरची बेल वाजलेली चालायची नाही. भाजीवाल्याला आत्या गॅलरीतून खुणेनेच भाव विचारायची. अर्थमंत्री भाषणात मधूनमधून शेर म्हणायचे, कवितेच्या ओळी म्हणायचे, बाकं वाजायची. त्या वेळी आतोबा पेन्सिल खाली ठेवून घोटभर पाणी प्यायचे आणि मला सांगायचे, "कविता आली. आता लगेच तूट येईल बघ." आणि यायची हो. इतक्या वर्षांत त्यांचा हा अंदाज क्वचितच चुकला. दुसऱ्या दिवशी पेपरात काय स्वस्त, काय महाग याची चित्रं यायची. ते पान न वाचता ते आत्याच्या हवाली करायचे, डब्यांखाली घालायला. म्हणायचे, पेशंटची तब्येत विचारली तर हे लोक त्याने कुठला शर्ट घातलाय ते सांगतात.

त्यानंतरचा रविवार म्हणजे आमच्या सोसायटीचा सण. पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढायच्या, गणपती मंडळाच्या सतरा खुर्च्या मांडायच्या, कोणाच्या तरी पोरांचा पांढरा बोर्ड आणायचा, आणि आतोबांनी राज्याची तब्येत सांगायची. सतराच खुर्च्या, कारण मंडळाकडे धड तेवढ्याच होत्या. तास-सव्वा तास ते आकडे वाचायचे आणि बोलायचे, पण त्यांचं आवडतं मोजमाप एकच. सरकारकडे आलेल्या दर शंभर रुपयांतले किती रुपये नुसत्या जुन्या व्याजात जातात. ते म्हणायचे, बाकी काही समजलं नाही तरी चालेल, एवढं समजलं की राज्याला ताप किती ते समजलं. शेवटी बोर्डावर एकच शब्द लिहायचे. 'बरी', 'बेताची', 'नाजूक'. एका वर्षी 'पथ्य पाळा' असे दोन शब्द लिहिले होते तर लोकांनी तक्रार केली होती.

श्रोतेही त्यांना शोभतील असेच. पहिल्या रांगेत एक निवृत्त हेडमास्तर, जे प्रस्तावनेला झोपायचे आणि चहाला उठायचे. मखमलाबादच्या मळ्यात गुलाब आणि झेंडू करणाऱ्या एक बाई, ज्या एका वर्षी हाराचे पैसे न्यायला आल्या, जागा दिसली म्हणून टेकल्या आणि मग दर वर्षी यायलाच लागल्या. आणि थेट चांदवडहून येणारे एक ठेकेदार. हे ठेकेदार म्हणजे काही गाड्या उडवणारे नव्हेत. गावोगावच्या शाळांच्या खोल्या, कुंपणाच्या भिंती, समाजमंदिराचा ओटा अशी बारकी सरकारी कामं घ्यायची, स्वतः गवंड्याबरोबर उभं राहायचं आणि मग बिल निघायची वाट बघत बसायचं. सरकारचा हात आखडला की पहिलं बिल अडकतं ते असल्या माणसाचं. म्हणून आतोबांनी 'नाजूक' लिहिलं की ते वर्षभर लोकांच्या घरांचे स्लॅब टाकायचे, 'बेताची' लिहिलं की एखादंच सरकारी काम घ्यायचे. आतोबांना ते ट्रेझरीसाहेब म्हणायचे. सगळे हौसेने यायचे, हा माणूस मात्र पोटासाठी यायचा, आणि आतोबांना त्याचा फार अभिमान होता.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी आतोबांनी बोर्डावर लिहिलं, 'ठणठणीत'.

पार्किंगमध्ये क्षणभर कोणाला खरंच वाटेना. मग टाळ्या. हेडमास्तर टाळ्यांनी दचकून उठले आणि त्यांनीही वाजवल्या. फुलवाल्या बाईंनी पिशवीतला एक गुलाब काढून आतोबांच्या हातात दिला. आतोबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, की यंदा शंभरातले व्याजात जाणारे रुपये एकदम खाली आलेत, इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. आजवर हा माणूस दर वर्षी वाईटच बातमी सांगत आला होता हो. पहिल्यांदाच त्याला चांगली सांगायला मिळाली होती.

आतोबा ज्या छापील सरकारी पुस्तिकेतून आकडे वाचत होते तिचीच एक प्रत माझ्या मांडीवर होती. तिच्यात शेजारी शेजारी चार रकाने असतात. पहिला दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्ष काय झालं त्याचा, मधले दोन चालू वर्षाचे, आणि शेवटचा पुढच्या वर्षाच्या अंदाजाचा. आतोबांनी उत्पन्न घेतलं होतं शेवटच्या रकान्यातलं, पुढच्या वर्षाचं, फुगलेलं. आणि व्याज वाचलं होतं पहिल्या रकान्यातलं, दोन वर्षांपूर्वीचं, कमी असलेलं. जुनं व्याज नव्या उत्पन्नातून वजा केलं तर कोणाचीही तब्येत सुधारेल. त्याआधी वर्षभर ते तक्रार करत होते, की सरकारने शाई वाचवायला अक्षर बारीक केलंय, पार्किंगमधला दिवा मंद झालाय, चष्मेवाला पूर्वीसारखा राहिला नाही. दोन चष्मे बदलून झाले होते. माझं बोट त्या व्याजाच्या आकड्यावर होतं, चूक मला स्वच्छ दिसत होती, आणि मी गप्प बसले. सतरा माणसांसमोर त्यांना कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय तो गुलाब. मग चहा आला आणि राहूनच गेलं. घरी जाऊन सांगू म्हटलं, तेही नाही सांगितलं. मनाशी म्हटलं, आतोबांच्या एका शब्दाने काही मुंबईतली तिजोरी हलत नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी सहाला त्यांचा फोन आला, "ये." एवढंच. गेले तर आतोबा टेबलाशी बसलेले, हातात भिंग, भिंगाखाली पट्टी, समोर ती पुस्तिका आणि त्यांची जुनी वही. दर वर्षीचे आकडे ते वहीत उतरवायचे. व्याजाची ओळ इतकी वर्षं चढत आलेली आणि यंदाच धाडकन खाली, हे वहीत बघितल्यावर त्यांना चैन पडेना, म्हणून त्यांनी एकेक आकडा पट्टी लावून परत वाचला होता. आत्या दारात उभी होती. आतोबा शांतपणे म्हणाले, माझी चूक झाली, तब्येत ठणठणीत नाही, बेताची आहे, शुद्धिपत्रक काढावं लागेल. मी लगेच म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, दोन मिनिटांत सगळ्यांना जाईल. तर म्हणाले, "मी तोंडाने बोललो. परतही तोंडानेच घेणार."

मग काय, तीन संध्याकाळी माझ्या स्कूटरवर मागे आतोबा आणि आम्ही घरोघर. हेडमास्तरांकडे तर कहर झाला. आतोबा म्हणाले, मी चुकून ठणठणीत म्हणालो. हेडमास्तर म्हणाले, छे, तुम्ही नाजूक म्हणालात, मी स्वतः ऐकलंय. आतोबांनी त्यांना आधी चुकीचा आकडा नीट समजावून सांगितला, तो पटवून दिला, आणि मग तो चुकीचा कसा ते सांगून परत घेतला. यात पाऊण तास गेला. शेवटी हेडमास्तर मला दारात हळूच म्हणाले, पण यांनी नाजूकच म्हटलं होतं गं. मखमलाबादच्या बाई मळ्यात कळ्या खुडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, सरकारजवळ पैसा नाय हे सांगाया एवढ्या लांब आले व्हय? ते तं मला कायमच ठाव हाय." आतोबांना हे लागलं. त्यांनी बांधावर उभं राहून त्यांना समजावलं, की पैसा नाही असं नाही बाई, पैसा आहे, पण तो हात लावायच्या आधीच वाटला जातो. बाईंनी मान डोलावली आणि मला पिशवीभर झेंडू दिला.

शनिवारी रात्री सोळा घरं झाली. राहिले चांदवडचे ठेकेदार. त्यांना फोन लावला तो त्यांच्या बायकोने उचलला. ते मनमाडला सिमेंटचा भाव काढायला गेलेत, मुक्काम तिथेच, फोन घरीच विसरलेत, सकाळी येतील, असं त्या म्हणाल्या. सिमेंट कशाला, असं आतोबांनी विचारलं तेव्हा कळलं. साहेब ठणठणीत म्हणाले म्हणून या वर्षी तीन गावांच्या शाळाखोल्यांचं टेंडर भरायचं ठरलं होतं. सोमवारी शेवटची तारीख. सुरुवातीचा सगळा पैसा स्वतः घालायचा होता आणि त्यासाठी बाईंचे दागिने काढून ठेवले होते, सोमवारी सकाळीच बँकेत गहाण पडणार होते. आतोबांनी फोन माझ्याकडे दिला आणि खाली बसले. माझ्या एका शब्दाने हे सगळं त्या रविवारीच थांबलं असतं. त्या चुकीच्या आकड्याने मुंबईतली तिजोरी हलली नसती, पण चांदवडचं एक घर हललं असतं, आणि त्याला ज्यांची नजर गेली ते आतोबा जबाबदार नव्हते, जिची नजर शाबूत होती ती मी होते. त्या रात्री मी नवऱ्यालासुद्धा काही सांगू शकले नाही.

रविवारी सकाळी पहिल्या बसने निघालो. तिथेही आतोबांनी सरकारची बाजू सोडली नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट. कंडक्टरने कार्ड मागितलं तर आतोबांनी पूर्ण तिकिटाचे पैसे पुढे केले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, तुम्हाला फुकट हाय." आतोबा म्हणाले, फुकट काही नसतं, हे पैसे सरकार एसटीला नंतर देणार, आणि ते कधी देतं ते मला माहीत आहे. कंडक्टर पोरगा हुशार होता, म्हणाला, मग आमचा पगार कधी होतो तेही तुम्हाला माहीत असंल. आतोबा खूश झाले आणि त्यांनी त्याच्या हातात पैसे कोंबलेच. मी बायकांच्या सवलतीतलं अर्धं तिकीट काढलं तेव्हा माझ्याकडे एकदा फक्त बघितलं.

ठेकेदारांचं घर चांदवडच्या बाहेर, शेतात. समोर कांदा साठवायची चाळ भरायचं काम चाललेलं, सगळीकडे पाल्याचा वास. दुसऱ्यांच्या खोल्या बांधणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराचा वरचा मजला अर्धवट होता, सळया तशाच वर आलेल्या. आत कॉटवर टेंडरच्या कागदांची फाइल होती आणि तिच्याशेजारी जांभळ्या कापडाची एक छोटी थैली. थैलीत काय आहे ते विचारायची गरज नव्हती. ठेकेदार नुकतेच आले होते, साहेब घरी आले म्हणून त्यांची धांदल उडाली. आतोबा बसायला तयार होईनात. उभ्यानेच बोलले.

"मी तुम्हाला ठणठणीत सांगितलं ते चूक होतं. मी चुकीचा रकाना वाचला. मला आता नीट दिसत नाही. तब्येत बेताची आहे, तुमची बिलं अडकतील."

ठेकेदारांनी फाइल उघडून एकेक कागद उलटला. मग म्हणाले, की पेपरात तर सगळं झ्याक चाललंय असं येतंय. आतोबा म्हणाले, पेपरांचं मला ठाऊक नाही, मी माझा शब्द परत घ्यायला आलोय, तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. बाई आतून आल्या, कॉटवरची थैली उचलली, पदराखाली धरली आणि आत गेल्या. ठेकेदारांनी ते पाहिलं. त्यांनी फाइलीतले दोन गावांचे कागद वेगळे काढून खाली ठेवले. म्हणाले, "साहेब, मग एकच गाव भरतो. तेवढं मला झेपंल." मग आम्हाला शेवभाजी आणि भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना आतोबांचा हात दोनदा ताटाबाहेर गेला. बाईंनी वाटी त्यांच्या हाताजवळ सरकवली.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी दिली. ते बाहेर बघत होते, की नुसतंच बघितल्यासारखं करत होते, कोण जाणे. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, आतोबा, मला ती चूक त्या दिवशीच दिसली होती. त्यांनी मान वळवली नाही. विचारलं, "कुठला रकाना?" शेवटपर्यंत ट्रेझरी. मी म्हटलं, व्याजाचा, पहिल्या रकान्यातला घेतलात. त्यावर ते पिंपळगाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एवढी लांब वाट मी आयुष्यात कापली नाही. टोलनाक्यावर बस थांबली तेव्हा म्हणाले, "माझी चूक डोळ्यांची होती. तुझी कशाची?"

प्रेमाची, असं म्हटलं असतं तर सिनेमात शोभलं असतं. आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही. पण या माणसापुढे आकडा फुगवून सांगायची सोय नव्हती. मी म्हटलं, भीतीची. त्यांनी मान डोलावली, बिल पास करताना डोलावत असतील तशी. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून आकडे तू वाच. चुका मी काढीन." मी बसमध्ये सगळ्यांसमोर रडले आणि ते मला पाठीवर थोपटत राहिले. कंडक्टरने तिकीटसुद्धा विचारलं नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि उशीर झालाय असंही सांगितलं. पुढची दोन वर्षं मी वाचलं. आतोबा बोर्डाशेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. प्रत्येक आकडा डोक्यात ठेवायचे आणि कुठे खटकलं की मला भर सभेत थांबवायचे. परत बघ, मागच्या वर्षीचा सुधारित आकडा एवढा नव्हता. मी परत बघायची, आणि माझीच ओळ चुकलेली असायची. बरोबर असलं की नुसतं 'हं' करायचे. शेवटी मी त्यांच्या कानाशी वाकायची, ते शब्द सांगायचे आणि मी बोर्डावर लिहायची. या दोन वर्षांत 'ठणठणीत' एकदाही आलं नाही. ठेकेदारांचं ते एका गावाचं बिलही दीड वर्षाने निघालं. तीन गावं घेतली असती तर काय झालं असतं, हे ते अजूनही दर वर्षी सगळ्यांना सांगतात.

गेल्या हिवाळ्यात आतोबा गेले. फार त्रास नाही झाला. आदल्या दिवशी संध्याकाळी मला विचारत होते, की अधिवेशन यंदा कधी लागतंय.

या मार्चमध्ये सभा घ्यावी की नाही, हे मला ठरवता येईना. आत्या म्हणाली, माणसं विचारून गेलीत, खुर्च्या मांड. ती स्वतः पहिल्यांदाच खाली येऊन बसली. मी उत्पन्न वाचलं, कर्ज वाचलं, व्याज वाचलं आणि पुढे गेले. चार-पाच आकडे वाचून झाल्यावर माझं मलाच दिसलं, व्याज वाचताना माझं बोट एक रकाना अलीकडे सरकलं होतं. मी मान वर केली. सगळे माना डोलावत होते, लिहिणारे लिहीत होते. कोणाला काही कळलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. मी थांबले. खरं सांगते, 'परत बघ' ऐकू येतंय का, याची मी वाट बघितली. मग म्हटलं, माझी चूक झाली, व्याजाचा आकडा खोडा. बरोबर आकडा वाचला. चांदवडच्या ठेकेदारांनी डायरीतला आकडा खोडला, शेजारी नवा लिहिला, त्याच्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "हं. वाचा ताई पुढं."

पुढचं वाचायला मला जरा वेळ लागला.